तिसरा कौल

"देवा, त्या लू चिंग-हायला आता घालव एकदाचा!"

श्वेमूने लाकडाच्या दोन अर्धचंद्राकृती फाका कपाळाला लावल्या आणि कुआन-कुंगच्या चरणांपुढे फरशीवर टाकल्या. दोन्हींची सपाट बाजू वर आली. म्हणजे देव नुसतेच हसले. एक सपाट आणि एक फुगीर पडली, तर तो होकार. दोन्ही फुगीर, तर नकार. हसण्याला कोणी उत्तर म्हणत नाही.

"ह्यात हसण्यासारखं काय आहे?" श्वेमूने विचारले. त्या वर्षी देवळाच्या धुपाटण्याचा मान त्याच्याकडे होता, म्हणून देवाशी तो जरा सलगीनेच बोलत असे.

हसण्यासारखे खरोखरच काही नव्हते. आदल्या सायंकाळी गावाचा लाडका बेसबॉल संघ 'पांढरे बगळे' शेवटच्या डावापर्यंत एका धावेने पुढे होता. गोलंदाजीवर वयोवृद्ध फान होता. त्याचा खांदा उतरला होता, चेंडू मंदावला होता. ताज्या दमाचा तरुण गोलंदाज कुंपणापाशी हात मोकळे करून केव्हाचा सज्ज होता. मुख्य प्रशिक्षक लू बाकावरून उठला, मैदानाच्या पायरीपर्यंत आला, आणि परत जाऊन बसला. पुढचाच चेंडू भिंतीपलीकडे गेला, आणि त्याबरोबर सामनाही. देवळाच्या अंगणात टीव्हीपुढे बसलेल्या मंडळींनी लूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यांत श्वेमूचा आवाज सर्वांत वरचा होता.

"काका, तुमचं झालं असेल तर मला द्याल का त्या फाका?"

श्वेमूने मागे पाहिले. टोपी छातीशी धरून एक पिकल्या केसांचा गृहस्थ उभा होता. टीव्हीवर तो अधिक उंच दिसे.

"लू साहेब?" श्वेमू चाचरला. "तुम्ही... ऐकलंत की काय मघाचं?"

"ऐकलं. मीही तेच विचारायला आलोय."

श्वेमूला क्षणभर लाज वाटली. परंतु कालचा चेंडू आठवला आणि लाज मागे सरली.

"आलाच आहात तर सांगा. फानला का नाही काढलंत? अहो, आमच्या मंडळींना चेंडू आणि वाफवलेला पाव ह्यांतला फरक कळत नाही, पण त्यासुद्धा ओरडत होत्या, 'काढा त्याला, काढा त्याला!' साऱ्या तैवानात एका तुम्हालाच दिसलं नाही?"

"दिसलं. काढायलाच निघालो होतो." लू खाली बघत म्हणाला. "पायरीवर आलो, तर त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. खांदा संपलाय त्याचा, काका. डॉक्टर म्हणतात, हा शेवटचाच हंगाम. आपल्या मैदानात, आपल्या माणसांसमोर त्याला 'पुरे' म्हणायचं... तोंडातून शब्दच फुटला नाही."

"शब्द फुटला नाही! मग पगार कशाचा घेता? एका माणसाला 'पुरे' म्हणता येत नाही, आणि निघालात संघ चालवायला!"

"खरं आहे." लूने वाद घातला नाही. "मालक स्पष्ट काही बोलत नाहीत. तुम्ही सगळे 'जा' म्हणता. देवही म्हणाले, तर आजच राजीनामा लिहून देतो."

तो गुडघ्यांवर बसला. रीत अशी की लागोपाठ तीन होकार मिळाले, तरच तो देवाचा शब्द.

"देवा, मी जाऊ?"

एक सपाट, एक फुगीर.

श्वेमूने मान डोलावली. देवाला बेसबॉल कळतो, ह्याविषयी त्याला कधीच शंका नव्हती.

लूने पुन्हा विचारले. पुन्हा होकार पडला. ह्या वेळी श्वेमूची मान डोलली नाही. तो लूच्या हातांकडे पाहत होता. उचलताना एक फाक निसटली, ती त्याने ओशाळून पुन्हा उचलली आणि कपाळाशी बराच वेळ धरून ठेवली. मग डोळे मिटून फाका टाकल्या आणि मस्तक भूमीवर टेकले.

एक फाक लूपुढेच पडली, सपाट. दुसरी घरंगळत नैवेद्याच्या मेजाखाली, अंधारात गेली.

श्वेमू वाकला. समईच्या उजेडात त्याने नीट पाहिले. ती फुगीर होती.

"काय म्हणाले?" लूने मस्तक न उचलता विचारले.

एकच शब्द बोलायचा होता. आदल्या सायंकाळी तो शब्द श्वेमूने घसा बसेपर्यंत उच्चारला होता. त्याने तोंड उघडले. समोर भूमीला टेकलेले ते पिकल्या केसांचे मस्तक होते. वर लालबुंद मुखाचे, सत्यवचनी म्हणून त्रिभुवनात पूजिले जाणारे कुआन-कुंग होते. श्वेमूने त्यांच्याकडे पाहिले नाही. दोन्ही फाका त्याने घाईघाईने गोळा केल्या आणि बाहीला पुसल्या.

"नाही म्हणतात," तो म्हणाला. "दोन्ही फुगीर. उठा आता, फरशी गार आहे."

लू उठला. त्याने देवाला आणि मग श्वेमूला वाकून नमस्कार केला, आणि टोपी डोक्यावर चढवून तो निघून गेला.

शनिवारी अंगण पुन्हा भरले. शेवटच्या डावात फानचा खांदा पुन्हा उतरला. लू पायरीपर्यंत आला, थांबला, आणि परत जाऊन बसला. चेंडू दिव्यांच्याही वरून भिंतीपलीकडे गेला.

मासळीवाल्या आत्सायने मेजावर असा हात आपटला की चहाचे पेले उडाले. "अरे, ह्या गाढवाला अजून ठेवलाय तरी कोणी?"

सवयीने सर्वांनी श्वेमूकडे पाहिले. आता तोफ डागली जाणार होती.

श्वेमूने गाभाऱ्याकडे वळून हात जोडले.

"देवाची इच्छा," तो म्हणाला.