पूर्ण तर ऐका

पोस्टरवर पाहुण्या पियानोवादकाचा चेहरा नव्हता. नुसते दोन हात.

प्राचार्य सकाळीच विमानतळावर गेले.

तिची नखं तिच्या धाकट्या बहिणीने कापून दिली. बहीण म्हणाली, निवड झाली नाही तर माझ्या नावाने खडे फोडू नकोस.

अर्जावर लिहिलं होतं: एकच विद्यार्थी, पाहुण्यांकडे एक वर्ष, वय चोविसाच्या आत. पुढच्या महिन्यात तिचं चोविसावं वर्ष संपत होतं.

दहाच्या ठोक्याला महाविद्यालयाच्या सभागृहाचं दार ढकलून तो आला. सगळे उभे राहिले, टाळ्या झाल्या. तो गोंधळल्यासारखा मान हलवून थेट पियानोकडे गेला. झाकण उघडून आत डोकावला.

"मोठेपणा बघ," शेजारचा वर्गमित्र कुजबुजला. त्याला सगळे पंडित म्हणत. "नमस्कारसुद्धा घेत नाहीत."

तो म्हणाला, कुणीतरी वाजवा. यादीत पहिलं नाव तिचं होतं. चौदा महिने घासलेली रचना तिने सुरू केली. तो जाऊन शेवटच्या रांगेत उभा राहिला.

चौथ्या मात्रेला त्याने थांबवलं. ती पट्टी पुन्हा, म्हणाला. तिने दाबली. पुन्हा. जोरात. आता हळू. ती पुढे सरकायला गेली की त्याचा हात वर. अर्धा तास एकच पट्टी. मग तिच्या शेजारची. मागे कुणीतरी जांभई दिली. पंडित मात्र भक्तिभावाने वहीत लिहीत होता.

तिचे कान तापले. एवढी वर्षं काय गवत उपटलं?

"एकदा पूर्ण तर ऐका," ती म्हणाली.

"पूर्ण कशाला? मला कळलं." तो पुढे आला, बाह्या सरसावल्या. "तू ऊठ आता. मी बघतो."

ती उठली. तिच्या स्टुलावर तो तिच्याकडे पाठ करून बसला. तिचं नावही त्याने विचारलं नव्हतं.

कार्यालयातल्या बाईंनी तिला समजावलं. निवड संध्याकाळी आहे, घरी जाऊन पोटभर जेव, मग ठरव. तिने अर्ज परत मागितला.

"माघार एकदा नोंदली की नाव परत चढत नाही, पोरी."

"नोंदवा, मावशी."

पावणेबाराला शिक्का बसला. ती पायीच घरी गेली. वडिलांनी ताट वाढलं. दोन घास झाल्यावर तीच म्हणाली, उद्यापासून मी तुमच्या दुकानात बसते. बहीण पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही.

पाहुण्यांचं विमान त्या दिवशी उशिरा, सव्वाबाराला उतरलं. दहाला आलेला माणूस त्यांच्यासाठी पियानो सुरात लावायला आला होता.