रेडिओतली नंदाबाई

"पह्यली ओवी नंदाबाईनं म्हणावी," कडूबाची आई म्हणाली, आणि गोजरबाईच्या हातातला जात्याचा खुंटा जागीच थांबला.

पिंपळगावात हळदीच्या जात्यावर पहिली ओवी गोजरबाईचीच असायची. आज कडूबाच्या लग्नाची हळद, आणि मान तिच्या धाकट्या जावेला, नंदाबाईला.

"घसा बसलाय आक्का माझा," नंदाबाई पुटपुटली.

"बसंल न्हाई तर काय! रेडिओत जाऊन आलेला घसा तो," गोजरबाई म्हणाली. बायका हसल्या. तिला हसू आलं नाही.

नवरात्रात रेडिओवाले पहाटेच रेणुकाईच्या देवळात आल्ते. सनई-चौघडा पेटीत भरून घेतला, जीप हाकली, गेले. मंग एक दिवस हसनाबादची माणसं विचारत आली, "रेडिओत ओवी म्हणणारी नंदाबाई कोणती?"

नंदाबाई दारात गोंधळून उभी राहिली. "मी पहाटं दळतच होते. आयकली असंल त्येनी."

तेव्हापासून तिला नारळ, ओटी, हिरवं लुगडं. ते नेसून ती दारावरून गेली की गोजरबाईच्या तव्यावरची भाकर करपायची. देवळामागं दोघींची घरं, मधे एकच भिंत. देवीनं तिचीच ओवी कशी उचलली? गोजरबाई जात्यालाच विचारायची. माणसाला बोलता येत नाही ते जात्याला सांगावं, हे तिला आईनं शिकवलेलं.

"बायांनो, जल्दी चला!" मूलचंदशेठची जमनाबाई धापा टाकत आली. "दुकानात रेडिओ आणलाय शेठनं. गावातला पह्यला! आन् नंदाबाईची ओवी पुन्हा लागून राह्यली!"

हळद तशीच टाकून बायका पळाल्या. नंदाबाई मागं रेंगाळली. गोजरबाई मात्र सगळ्यांत पुढं. सूर कुठं घसरतो, ते आज बराबर धरायचं होतं.

पेटी खरखरली. आतला माणूस गोड आवाजात म्हणाला, "शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफायचं, ही संतांची रीत. पिंपळगावच्या या नंदाबाईंनी ती पाळली आहे. आणि केवढा हा नम्रपणा!"

मग जात्याची घरघर आली. तिच्यामागून आवाज उमटला, आणि सगळ्या बायकांनी वळून गोजरबाईकडं पाहिलं.

"पहाटंच्या पाऱ्यामंदी रेणुकाई माझी न्हाली,
आळशी गं नंदाबाई, तुला जाग न्हाई आली!"