केसरीनाथचं दूध

"केसरीनाथ पार सुकलाय," बशीतला चहा फुंकत शेजारचे दाजी म्हणाले. "राही, दूध पाज त्याला. हात आखडू नको."

राहीबाईने मान खाली घातली. दाजी पीत होते तो चहा केसरीनाथच्याच दुधाचा होता.

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून तिचा नवरा केसरीनाथ मुंबईहून अंजूरला आला, त्याला दहा दिवस झाले होते. जबडा अर्धा गेला, बोलणं थांबलं. नाकातल्या नळीतून जाईल तेवढंच जेवण. हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी बजावलं होतं, "रोज दोन लिटर दूध गेलंच पाहिजे. दोन किलो वजन वाढलं तरच पुढचे रेडिएशनचे शेक देता येतील."

दोन लिटर दूध रोज यायचं. पण केसरीनाथ गावाचा लाडका. माणसं सकाळपासून बघायला यायची, आणि आजाऱ्याला बघायला आलेल्याला चहाशिवाय उठू द्यायचं नाही, ही अंजूरची रीत. नळीत जायचं ते उरलेलं, पाणी घालून वाढवलेलं. काल काट्यावर अर्धा किलो कमीच भरला.

दाजी गेल्यावर ती म्हणाली, "उद्यापास्नं सगळ्यांना कोरा चहा."

केसरीनाथने पाटी ओढली. 'येडी हायस? कोरा मयताच्या घरी देतात.'

"मंग दूध कुनाला देऊ? तुमाला का गावाला?"

त्याने पाटी पुसली.

दुसऱ्या दिवशी पहिली आली आळीतली म्हातारी धोंडूबाई. ओटीवर टेकली, कप हातात घेतला आणि त्यातलं काळं पाणी बघतच राहिली. मग कप खाली ठेवून तिने पदर तोंडाला लावला.

"केसरीनाथा रं! मला न सांगता गेलास रं माज्या लेका!"

आळी धावली. दाजी टोपी काढून पायरीवर बसले. "पोरगी दूध पाजत न्हवती, मी कालच बोललो," म्हणाले आणि हुंदके देऊ लागले. राहीबाईचं कोणी ऐकेना.

ती धावत आत गेली. "अवो, भायेर येऊन तोंड तरी दाखवा!"

केसरीनाथ खाटेवर ताठ बसला होता. नळीला लावलेलं नरसाळं एका हातात उंच धरलेलं. घट्ट, पांढरं दूध सावकाश उतरत होतं. बाजूला अख्खं पातेलं भरलेलं होतं. दुसऱ्या हाताने त्याने पाटीवर लिहिलं,

'सगळ्यांना कोरा दे. दूध संपवून येतो.'