भिंतीवरचे अप्पा

करी रोडच्या टॉवरमधल्या नव्या घरात लावायला आनंदने वडिलांचा जुना फोटो मोठा करून आणला. संपाच्या मोर्चात मूठ उगारलेले अप्पा. नुसती फ्रेम ओकीबोकी दिसते म्हणून सुनेने चंदनाचा हारही आणून ठेवला. अप्पा सकाळपासून खाटेवर बसून दोघांशी भांडत होते, पण त्यांना कोणी दाद देत नव्हतं.

दुपारी वायरमन लहू आला. भिंतीतली वायर शोधायचं मशीन त्याने खिळ्याच्या जागेवर टेकवलं, तसं ते किंचाळायला लागलं. लहूने ड्रिल परत पिशवीत टाकलं.

"फोटो इथे नाही लावता येणार. जिवंत आहे."

अप्पा खाटेवरून म्हणाले, "मगे, सकाळपासून मी दुसरा काय सांगतंय?"