एकवीस इंच

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा सुतार दुसऱ्याच्या घरी दार बसवत होता. पंधरा दिवसांनी तिच्या ऑफिसातली मुलगी खुर्ची आणि कॉम्प्युटर परत न्यायला आली. सहा वर्षं बायको घरूनच, त्या खुर्चीत आठ-आठ तास बसून, लोकांच्या तक्रारींचे फोन घ्यायची.

मुलगी वायरी काढायला खुर्चीत बसली. "काका, ही खाली होत नाही का? माझे पाय लोंबकळतायत. काकू तर माझ्याहून ठेंगण्या होत्या."

"पाय सुजायचे तिचे. रोज संध्याकाळी चोळत बसायची. म्हणायची, 'अहो, साऱ्या गावाला पलंग करून देता, माझ्या पायांखाली एक पाट होत नाही तुमच्यानं?'"

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? 'करतो गं, हातातलं एवढं काम उरकू दे.'"

मुलीनं टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथं सुतळीनं बांधलेला रद्दीचा गठ्ठा होता. वरच्या कागदांना दोन टाचांचे खळगे पडले होते.

"खुर्ची उचलू?" तिनं विचारलं.

"थांब, पोरी."

सुतारानं खिशातला टेप काढला आणि जमिनीवर बसून खुर्चीच्या बैठकीची उंची मोजली. एकवीस इंच. सवयीनं त्यानं तो आकडा पेन्सिलीनं भिंतीवर लिहिला. पाट केवढा उंच करायचा हे ठरवायला त्यातून तिच्या गुडघ्यापासून तळपायापर्यंतचं माप वजा करायला हवं होतं. ते घ्यायचं राहून गेलं होतं.