शून्याची ओळ

व्होल्टमीटरचा काटा वर चढला, थरथरला आणि घसरत घसरत शून्यावर येऊन बसला. काकूंनी तारा पुन्हा आवळल्या. काटा ढिम्म.

काकू म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला बसलेल्या वीस जणांतल्या एकट्या चाळिशीच्या, दोन मुलांच्या आई. रसायनशास्त्रात दोनदा गचकलेल्या. ही तिसरी आणि शेवटची संधी. हुकली की पदवी विसरा.

बाकीच्या एकोणीस वह्यांत उत्तर कधीच लिहून झालं होतं: ०.४६ व्होल्ट. काटे त्यांचेही पडले होते, पण आकडा पुस्तकात छापलेला असताना काट्याकडे बघतंय कोण!

काकूंनी मात्र तांब्याच्या आणि चांदीच्या द्रावणांच्या दोन बीकरना जोडणारी, क्षाराने भरलेली सॉल्ट ब्रिजची नळी उचलून उजेडात धरली. चांदीच्या बाजूचं तोंड पांढऱ्या साक्याने गच्च बुजलं होतं. नळ्या परीक्षक सरांनी स्वतः भरल्या होत्या, पोटॅशियम क्लोराइडने. चांदीच्या द्रावणात क्लोराइड गेलं की दूध नासावं तसा साका धरतो, हे काकू नापास होऊन होऊन शिकल्या होत्या. आणि दोन बीकरमधली ही एवढीशी वाटच बुजली, तर वीज वाहणार कुठून?

त्यांनी सरांना सांगितलं. सर म्हणाले, जास्त शहाणपणा नको, सगळ्यांना आलंय तेच लिहा.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी गाळणकागदाची पट्टी कापली, क्लोराइड नसलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवली आणि तिची दोन टोकं दोन बीकरांत सोडली. काटा उठला. ०.४३ वर थांबला, आणि थांबूनच राहिला.

वहीत त्यांनी दोन्ही नोंदी केल्या. पहिली ओळ: शून्य, नळीत चुकीचा क्षार. दुसरी: ०.४३, कागदाची पट्टी.

सरांनी वही वाचली. कान लाल झाले त्यांचे. "पहिली ओळ खोडा, मग सही करतो."

"ती खोडणार नाही, सर. काटा शून्यावर आला होता."

"मग नापास करावं लागेल."

शेजारच्या टेबलावरची पोरं लिहायची थांबली. काकूंनी दोन्ही हात टेबलावर घट्ट रोवले.

"करा. पण का केलं, ते लिहा. खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्यात."