लाल शेरे

कामगार न्यायालयाची खिडकी चारला बंद होणार होती आणि पुढे अजून पाच माणसं होती. अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस. वकीलबाईंनी सगळं तयार करून दिलं होतं, त्याची सही तेवढी बाकी. 'विमा कंपनीत दावे तपासण्याच्या कामामुळेच मला हा मानसिक आजार झाला, असे मान्य करावे,' एवढीच मागणी. उरलेली नऊ पानं म्हणजे त्या मागणीला लावलेले टेकू.

सहीसाठी बायकोने अर्ज त्याच्या हातात दिला. मांजराला दुधाची राखण सांगावी, तसं झालं.

त्याने खिशातून लाल पेन काढलं. दहातले सात दावे परत पाठवायचे, हा कंपनीचा अलिखित नियम. त्यात तो कधीच मागे पडला नव्हता. लोकांची मोडलेली हाडं त्याने तारखांच्या चुकांवर परत पाठवली होती. मग एके दिवशी ऑफिसच्या जिन्यात तो तीन तास बसून राहिला. वर जाववेना, खाली उतरवेना.

"अहो, सहीला किती वेळ?"

"डॉक्टरने 'बहुधा' लिहिलंय. बहुधावर दावा टिकत नाही." त्याने रेघ ओढली.

रांग पुढे सरकली. तो सरकला नाही. बायकोने कोपर धरून सरकवलं.

"'झोप लागत नाही.' याला साक्षीदार कोण?"

"मी! रात्रभर तुमच्या शेजारी जागी असते, ती काय हौस म्हणून?"

"बायकोची साक्ष धरत नाहीत," तो मान वर न करता म्हणाला.

मागचा एकजण हसला. "काका, पेपर तपासताय का?"

"तपासू द्या," बायको त्याला म्हणाली. "आरशासमोर उभे राहिले तरी समोरच्याकडे ओळखपत्र मागतील."

पण तिचा एक डोळा घड्याळावर होता. चार वाजायला सहा मिनिटं असताना तिने अर्ज हिसकावला. शेवटच्या पानावर, बरोब्बर सहीच्या जागी, लाल अक्षरं होती : 'पुरावा अपुरा. परत पाठवावा.'

"अहो, हा तुमचा आहे!" तिचा आवाज फुटला. "तुमचा स्वतःचा!"

त्याने पान पुन्हा हातात घेतलं. वरचं नाव दोनदा वाचलं. मग शेऱ्याच्या खाली जेमतेम जागा होती, तिथे त्याने सही केली.

खिडकीतल्या कारकुनाने एकेक पान उलटलं. छापील मजकुरापेक्षा लालच जास्त.

"हे शेरे कोणी मारले?"

"मी."

"आणि अर्ज कोणाचा?"

"माझाच."

"साहेब, दुसरी प्रत नाही हो," बायको मध्ये पडली. "आता कुठून आणू? घ्या ना एवढा."

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदाच कागदावरून नजर काढून माणसाकडे बघितलं.

"किती वर्षं केलंत हे काम?"

"एकोणीस."

"मला या खिडकीवर बावीस झाली," कारकून म्हणाला, आणि पानं न मोजताच त्याने शिक्का मारला.